चार बोटांचं अंतर

मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवरची दुलई बोलतेय. निदान अगदी अलीकडेपर्यंत माझा पत्ता तोच होता. कपाट उघडलं की मी लगेच ओळखू यायचे. बाकीची पांघरुणं सैल अंग टाकून पडलेली असायची, आणि मी घडी घातली की खोक्यासारखी ताठ बसायचे.

मला एक बहीण आहे. एकाच कापडाची, एकाच कापसाची, एकाच मशीनवर शिवलेली. वर राखाडी निळ्या रंगावर पांढरे बारीक ठिपके, खाली पांढरं अस्तर. आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं तर लांबून फरक कळणार नाही. हात फिरवला तर मात्र डोळे मिटूनही कळेल. तिच्या अंगावर वीतवीतभर अंतरानं एकेक टीप आहे. माझ्या अंगावर दोन-दोन बोटांवर, आधी उभ्या आणि मग पुन्हा आडव्या. ती मऊ, मी कडक. ती लाडकी, मी समजूतदार. माझी सगळी गोष्ट या अंतराचीच आहे, आणि ती मी जळफळाट न करता सांगेन असं मुळीच समजू नका.

आमची आई पडदे शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसायची. आई म्हणजे खरं तर दोन मुलींची आई, थोरलीची आणि धाकटीची. पण मला तिनंच शिवलं, म्हणून मीही तिला आईच म्हणते. दोघी मुली तेव्हा एका पलंगावर, एकाच रजईत झोपायच्या. धाकटी झोपेत सगळी रजई स्वतःकडे ओढून घ्यायची आणि थोरली सकाळी पाय पोटाशी घेऊन कुडकुडत उठायची. तक्रार मात्र करायची नाही. आईला ते दिसत होतं. शेवटी तिनं ठरवलं, दोघींना वेगवेगळी दुलई करायची.

कापड कारखान्यात उरलेलं मिळालं. कापसाचा तयार थर मात्र दुकानातून आणायचा होता, गुंडाळी करून ठेवतात तसला. तो नेमका एकाच दुलईपुरता शिल्लक होता. आईनं तेवढाच आणला आणि घरी येऊन तो जाड थर मधोमध सोलला. एकाचे दोन पातळ थर केले. ही करामत ती पुढे वर्षानुवर्षं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. "एकीला दिलं आणि दुसरीला नाही, असं मी कधी केलंच नाही," असं शेवटी जोडायची. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा मी नुसता कापूस होते, आणि कापसाला आठवण नसते. माझी आठवण सुरू होते ती पहिल्या टिपेपासून.

आता पातळ भर म्हणजे सगळ्यात अवघड काम. आईनं आयुष्यभर पडदे शिवले होते, दुलई कधी शिवली नव्हती. तिनं कारखान्यातल्या कापड कापणाऱ्या मास्तरांना विचारलं.

"फार जवळ टिपा घातल्यास तर पुठ्ठा होईल," मास्तर म्हणाले. "फार लांब घातल्यास तर पहिल्या धुण्यातच कापूस घसरेल, आणि वर नुसती दोन कापडं उरतील."

"मग किती अंतर ठेवू, मास्तर?"

"मला कशाला विचारतेस? हाताला विचार. नमुने कर आणि बघ."

आईनं चार छोटे नमुने केले. एकावर बोटभर अंतरानं टिपा, दुसऱ्यावर दोन बोटांवर, तिसऱ्यावर चार बोटांवर आणि चौथ्यावर वीतभर. चारही तुकडे खुर्चीच्या पाठीवर टाकून पाहिले. बोटभराचा तुकडा फळीसारखा आडवाच राहिला. दोन बोटांचा जरासा वाकला, तोही मनाविरुद्ध. वीतभराचा मात्र झुळकन खाली आला. तो बघून आई खूश झाली, पण बादलीत खळबळून पिळल्यावर त्याच्या पोटातला कापूस एका टोकाला जाऊन बसला. चार बोटांचा तुकडा पडलाही छान आणि धुतल्यावर जागचा हललाही नाही.

"चार बोटं," आईनं जाहीर केलं. "दोघींना चार बोटं." आणि पट्टी न घेता, स्वतःची चार बोटं कापडावर ठेवून ठेवून तिनं दोन्ही दुलयांवर खडूनं रेघा आखल्या.

म्हणजे बघा, न्याय ठरलेला होता. रेघासुद्धा आखून झाल्या होत्या. मग माझ्याच बाबतीत माशी कुठं शिंकली?

पहिली टीप मला चांगली आठवते. टोचलं, पण बरं वाटलं. आपण कुणीतरी आहोत असं पहिल्यांदाच वाटलं. एकामागून एक चार बोटांवरच्या सगळ्या टिपा घालून झाल्या. आईनं दोरा तोडला, मला टेबलावर पसरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. मधेच हात थांबला. तिथं तिनं दाबून पाहिलं. पुन्हा थोडं पुढे जाऊन दाबलं. तिचा चेहरा उतरला, का ते मला कळलं नाही. मग तिनं मला पुन्हा मशीनखाली घेतलं आणि प्रत्येक दोन टिपांच्या मधून आणखी एक टीप घातली.

थोरली शेजारी टाचण्यांची डबी धरून उभी होती. "आई, आता झाली ना?"

"नाही गं, अजून नाही."

"धाकटीच्या दुलईला पण एवढ्याच घालणार?"

"बघू," आई म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे काय ते थोरलीला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून आली, चहा प्यायली आणि मला आडव्या टिपा घालायला बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. अख्खा हिवाळा मी त्या मशीनवर काढला म्हणा ना. संध्याकाळ झाली की आई, मशीन आणि मी. मला वाटायला लागलं की मी काहीतरी चुकले आहे आणि ही त्याची शिक्षा चालली आहे.

मग एकदाची बहिणीची पाळी आली. आई दमली होती. धाकटी मशीनजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला एवढ्या रेघा नकोत. ताईची दुलई वहीच्या पानासारखी दिसते."

झालं. आईनं खडूच्या रेघांपैकी एकाआड एक सोडून दिली. चार बोटांच्या जागी जवळजवळ वीतभर अंतर झालं. वीतभराचा नमुना बादलीत कसा वागला होता ते तिला आठवत नसेल असं नाही, पण धाकटीनं मान तिरकी करून मागितलेलं त्या घरात कुणी कधी नाकारलं होतं? माझी बहीण एका संध्याकाळी शिवून तयार. दोऱ्याची टोकं लोंबत होती तशीच धाकटीनं ती अंगाभोवती गुंडाळली आणि खोलीभर मिरवून आली.

तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा काहीतरी टोचलं. मला वाटलं एखादी टाचणी आत राहिली असेल. टाचणी नव्हती.

पुढची वर्षं आम्ही दोघी समोरासमोरच्या पलंगांवर काढली, आणि मला सगळं बघावं लागलं. तिचा रोज काहीतरी नवा थाट. कधी ती टेबलावरून खाली सोडली की घर व्हायची आणि धाकटी आत बसून बाहुल्यांना जेवायला घालायची. कधी ती खांद्यावरून मागे लोळत राणीचा झगा व्हायची. कधी गच्चीत अंथरली जायची, तिच्यावर सरबत सांडायचं, आणि त्या डागाचंही घरात कौतुक. "हा बघ, हा तेव्हाचा डाग," असं धाकटी पाहुण्यांना दाखवायची. माझ्यावर एकही डाग नव्हता. डाग पडायला आधी कुणीतरी जवळ घ्यावं लागतं.

थोरली मला वाईट वागवायची असं नाही. रोज सकाळी चारही कोपरे जुळवून घडी घालायची आणि उशाशी ठेवायची. मला पांघरलं की मी तिच्या अंगावर टेकायचे नाही, अंगावरून छपरासारखी उभी राहायचे. बाजूनं वारा शिरायचा. ती बिचारी माझ्या कडा पाठीखाली खोचून घ्यायची, आणि मी थोड्याच वेळात सुटून पुन्हा ताठ. मी मुद्दाम करत होते का? मला वाकायचं होतं हो. तिच्या खांद्यावरून खाली उतरून मानेशी बसायचं होतं, जशी ती समोरची बया धाकटीच्या मानेशी बसायची. पण प्रत्येक दोन बोटांवर मला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं.

एकदा थोरलीला ताप आला. भर दुपारची वेळ, आई रजा घेऊन घरी बसलेली, धाकटी शाळेत. थोरली माझ्याखाली कुडकुडत होती. मी जमेल तेवढी पसरले होते. मनात म्हणत होते, आज आपला दिवस आहे. तेवढ्यात ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, ती नाहीये तोवर धाकटीची दे ना."

आईनं माझ्यावरूनच तिच्या पाठीवर हात फिरवला. मग उठून बहिणीला आणलं आणि मला बाजूला केलं. थोरली त्या मऊ ढिगात शिरली आणि लगेच झोपली. मी खुर्चीवर बसून बघत होते. चार वाजता धाकटी आली आणि दप्तर टाकायच्या आधी म्हणाली, "माझी का घेतली?" ताप असूनही थोरलीनं ती अंगावरून काढून दिली. "घे. मला आता गरम होतंय," म्हणाली. तिला काही गरम होत नव्हतं.

त्या दुपारपासून मला एक खोड लागली. बहिणीचं वाटोळं कधी होतं याची मी वाट बघायला लागले. मास्तरांचं बोलणं आई कितीतरी वेळा सांगायची, ते मला पाठ होतं. पहिल्या धुण्यात कापूस घसरेल. मी म्हणायचे, येऊ दे धुणं. पण आई कसली वस्ताद! बहिणीला ती टबमध्ये आडवी बुडवायची, पिळायची नाही, दोन्ही हातांवर उचलून सतरंजीवर सपाट वाळवायची. आजाऱ्याला उचलावं इतक्या हळू. आणि मला? मला दगडावर आपटलं तरी चालत होतं. "हिला काही होत नाही," असं म्हणून आपटायची. कौतुकच होतं ते, पण तसलं कौतुक कुणाला हवंय?

मुली मोठ्या झाल्या. धाकटी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली तेव्हा तिच्या सामानात सगळ्यात आधी बहीण गेली. थोरलीनं संसार थाटला, आईलाही आपल्याकडेच आणलं, आणि सामानात मीही आले. कशी आले? आरशाला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती गुंडाळून. नव्या घरात मऊ, फुगीर, विकतची पांघरुणं आली. मला खालची फळी मिळाली आणि एक नोकरी मिळाली. इस्त्रीच्या वेळी टेबलावर अंथरायची. त्या कामाला माझ्यासारखी दुसरी नाही, असं थोरली म्हणायची. सपाट, चुणी नाही, हलत नाही. एकदा इस्त्री विसरली आणि माझ्या कोपऱ्यावर तपकिरी टोक उमटलं. चला, म्हटलं, एक डाग तरी आपल्या नावावर लागला.

थोरलीही तशीच झाली होती म्हणा. घरात कुणाचं काही अडलं की थोरली. आईचे डॉक्टर, आईची औषधं, आईचा हात थरथरायला लागला तेव्हा घास भरवणं, सगळं थोरली. धाकटीचा दर रविवारी फोन यायचा आणि आईचा चेहरा त्या दिवशी उजळायचा. थोरली शेजारी बसून फोन आईच्या कानाशी धरून ठेवायची. मी खालच्या फळीवरून तिची पाठ बघायचे. ती काय विचार करत असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग यंदाच्या थंडीत धाकटी घरी आली. काखेत बहीण.

मी कपाटाच्या फटीतून पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही. तिचे चारही कोपरे रिकामे लोंबत होते आणि मधे बटाटे भरल्यासारखे गोळे झाले होते.

"कामाच्या नवीन मुलीनं धुण्याच्या मशीनमध्ये टाकली गं," धाकटी रडवेली झाली होती. "मी तिला सांगायला विसरले. पिळून काढली तिनं. आई, तूच काहीतरी कर. हिच्याशिवाय मला झोप लागत नाही."

मी इतकी वर्षं या क्षणाची वाट बघितली होती. खरं सांगते, आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या. पण तो आनंद फार टिकला नाही, कारण धाकटीचं पुढचं वाक्य असं होतं: "ताई, तुझी तशीही पडूनच आहे ना? तिच्यातला कापूस काढून हिच्यात भरला तर?"

मी थोरलीकडे बघत होते. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही नाही म्हटलं नव्हतं. तापातसुद्धा नाही. तिनं कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, आणि शिवणाच्या डब्यातून उसवायची कात्री काढून धाकटीच्या हातात दिली. "घे," ती म्हणाली. "इस्त्रीला मी दुसरं काहीतरी बघीन."

धाकटीनं माझी कड उचलली. कात्रीचं टोक माझ्या पहिल्या टिपेखाली शिरलं, मला आठवणाऱ्या अगदी पहिल्या टिपेखाली. मी काय करणार? मला ओरडता येत नाही.

"तिला नको उसवू," खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली.

"का गं?"

"तिच्यात काढण्यासारखं काही नाही."

आईनं थरथरत्या हातानं खिडकीकडे बोट दाखवलं. "उजेडात धरा. दोन्ही धरा."

थोरलीनं पडदा सरकवला आणि मला काचेशी धरलं. उन्हात माझं पोट मला पहिल्यांदाच दिसलं. माझ्यात सलग थर नव्हताच. तळहाताएवढाले तुकडे होते, कुठं जाड, कुठं विरळ, कडेवर कड ठेवून कसेबसे जुळवलेले. पण प्रत्येक तुकडा आपापल्या चौकटीत होता. इतक्या वर्षांच्या आपटण्यात आणि इस्त्रीत एकही जागचा हलला नव्हता. मग धाकटीनं बहिणीला धरलं. तिच्यातला थर मुळात अखंड होता, ते मधल्या एका पट्ट्यात अजून दिसत होतं. बाकी सगळा घसरून गोळा झालेला.

"सोलताना फाटला," आई म्हणाली. "एक बाजू अख्खी निघाली आणि दुसरीचे हातात तुकडे आले. जोडून जोडून लावले. चार बोटांवर टिपून पाहिलं तर मधे हाताला पोकळ लागत होतं. मग जवळ घातल्या, तरी लागत होतं. मग आडव्या घातल्या. धरून ठेवायचं तर दुसरं काय करणार?"

थोरली अजून मला धरूनच उभी होती. "आणि फाटलेली बाजू मला."

आई आपल्या हातांकडे बघायला लागली.

"मला का? तिला का नाही?"

"तू समजूतदार होतीस गं. तिला दिली असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं."

'एकीला दिलं आणि दुसरीला नाही, असं मी कधी केलंच नाही,' हे वाक्य आई त्या दिवशी म्हणाली नाही. थोरलीनं मला खिडकीवरून खाली घेतलं. मला वाटलं ती रडेल, आणि मग नेहमीप्रमाणे चहा ठेवायला जाईल. ती तिथंच उभी राहिली.

आणि मी काय विचार करत होते सांगू? मी मोजत होते. बहिणीला आईची एक संध्याकाळ मिळाली होती. मला अख्खा हिवाळा मिळाला होता. ज्याला मी शिक्षा म्हणत होते ते आईचे हात होते, रोज, दमून आल्यावर. हे कळूनही माझी जळजळ थांबली असं नाही. अखंड थर तो अखंडच. पण निदान बरोबरीला काहीतरी माझ्याही बाजूला पडलं.

धाकटी कात्रीशी चाळा करत होती. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं." मग ती म्हणाली, "पण मग आता माझी कशी नीट होणार? अगदी थोडासाच काढला तर? एखाद्या कोपऱ्यातून?"

थोरलीनं तिच्या हातातून कात्री काढून घेतली. "नाही."

"अगं, पण तू तर तिला इस्त्रीला..."

"इस्त्रीला घेईन, नाहीतर पायपुसणं करीन. माझी आहे. उसवायची नाही."

पायपुसणं म्हणाली, तरी माझ्या टिपांतून गोड कळ गेली. माझी आहे. इतक्या वर्षांत हे शब्द मी फक्त समोरच्या पलंगावरून ऐकले होते. धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. ताईचं 'नाही' कसं असतं ते तिला माहीतच नव्हतं.

"भांडा," आई म्हणाली. "पण पडदा लावून भांडा. तिथून गार वारा येतोय."

तेव्हा दोघींचं तिच्याकडे लक्ष गेलं. अंगावर शाल, त्यावर विकतचं फुगीर पांघरूण, आणि तरी ती कुडकुडत होती. विकतची पांघरुणं तिच्या अंगावरून सारखी घसरायची. हाताला कंप, ती पुन्हा ओढून घेता यायची नाहीत. थोरलीनं मला उचललं आणि आईच्या मांडीवर टाकलं. मी घसरत नाही, हा माझा गुण. पण मी एकटी पातळ. थोरलीनं क्षणभर बघितलं आणि धाकटीपुढे हात केला. "तुझी दे."

"कशाला?"

"आधी एकच थर होता ना? मग एकच करू."

पुढचे दोन दिवस त्या दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसल्या. बहिणीच्या पोटातले गोळे कापडावरूनच चिमटीनं सोडवून सोडवून त्यांनी कापूस परत कोपऱ्यांपर्यंत नेला. मग तिला माझ्यावर पसरलं. आयुष्यभर जिला लांबून बघत आले तिचं पोट माझ्या पोटाला लागलं. अजूनही मऊ होती, मेली.

"किती अंतरावर टाके घालायचे?" धाकटीनं सुईत दोरा ओवत विचारलं. याआधी रेघांबद्दल तिनं कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"चार बोटं," आई म्हणाली.

"कुणाची?" दोघींनी एकदम विचारलं, आणि दोघींनी आपापला हात पुढे केला. थोरलीचा हात कामानं रुंद झालेला, धाकटीचा अजून निमुळता. थोडा वेळ त्यांची त्यावरूनही जुंपली. शेवटी आईनं आपला हात आमच्यावर ठेवला. तो एका जागी राहीना. थोरलीनं मनगट धरलं, धाकटीनं बोटांच्या कडेनं खडूची रेघ ओढली, आणि हात पुढे सरकवला. असं करत करत सगळ्या रेघा आखल्या. त्या सरळ नाहीत. त्यांच्यावरून एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं दुसरी, असा त्यांनी धावदोरा घातला आणि मधे येऊन गाठ मारली.

आता आम्ही दोघी मिळून एक जाड दुलई आहोत आणि आईच्या अंगावर असतो. बहिणीच्या मऊपणानं ही दुलई मानेशी बसते आणि माझ्या ताठपणानं जागची हलत नाही. सगळे म्हणतात, काय छान जमलं. म्हणू देत. श्रेय अर्धं अर्धं वाटलं जातं, ते मला अजून पटत नाही.

तुमच्या घरात दोन मुली असतील आणि तुम्ही दुलया शिवायला काढल्या असतील, तर माझी एवढीच विनवणी आहे. थर सोलू नका. सोललाच आणि फाटला, तर फाटलेली बाजू जी गप्प बसते तिला देऊन मोकळे होऊ नका. टिपा कितीही जवळ घाला, तिला ते कळतं. उशिरा का होईना, कळतं.

बाकी माझं बरं चाललंय. एकच वाद उरला आहे, की आईच्या अंगाकडची बाजू कुणाची. थोरली रोज मला अंगाकडे करून पांघरते. धाकटी हल्ली दर पंधरवड्याला येते आणि आल्या आल्या पांघरूण उलटं करते. ती आंघोळीला गेली की थोरली येऊन ते पुन्हा पालटते. दोघी एकमेकींना एका शब्दानं बोलत नाहीत. आई डोळे मिटून पडलेली असते, आणि दोन्ही वेळा हात वर उचलून धरते, पालटणारीला सोपं जावं म्हणून.